पिंगळीकर सरांची विद्यार्थिनी

लंडन
१६ ऑक्टोबर १९८८

प्रिय विमल,

तुझं पत्र आणि सोबतचं कात्रण परवा मिळालं. मी बरी आहे. इथं थंडी पडायला लागली आहे, संध्याकाळ लवकर होते. सोनपेठला तू आणि बन्सीधरराव बरे असाल असं धरून चालते. सुमनकाकूंचे गुडघे कसे आहेत ते तू लिहिलं नाहीस, ते कळव. बन्सीधररावांच्या बदलीचं काय झालं तेही.

आता तू जे मागितलंस त्याचं उत्तर. नाही. पिंगळीकर सरांच्या गौरवग्रंथासाठी मी लेख देणार नाही.

इथंच सही करून पत्र टाकणार होते. दोन दिवस ते टेबलावर पडून राहिलं. पण तुझ्या पत्रातली एक ओळ डोक्यातून जात नाही. तू लिहितेस, "लेखाचं नाव समितीनं आधीच ठरवलंय, 'संस्कृतच्या पायावर ग्रीकचा कळस'. तू फक्त दोन पानं मजकूर पाठव." म्हणजे आयुष्य माझं, आणि त्याला नाव ठेवणार आपले भूगोलाचे तात्याराव सर आणि त्यांची सत्कार समिती. वर ते कात्रण. "झरीच्या एका शेतकऱ्याच्या मुलीला दत्तोपंत पिंगळीकर सरांनी संस्कृतची गोडी लावली, आणि तीच आज विलायतेत ग्रीक व लॅटिनचा अभ्यास करीत आहे." ही बातमी कुणी दिली, विमल? पेपरवाल्याला स्वप्न पडलं नसणार. सरांनी वाचली असेल ना? वाचून त्यांनी काय केलं? घडी घालून ठेवली?

तुला सगळं आठवतं की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगते. दहावीचं वर्ष. दिवाळीच्या आधीची सहामाही झाली होती, संस्कृतात मी पहिली आणि तू दुसरी. बोर्डाचे फॉर्म भरायचे होते. सर वर्गात आले आणि हजेरीसुद्धा न घेता मला उभं केलं.

"सर्वनामं पाठ आहेत?"

"हो सर. आमी सगळे तक्ते पाठ केलेत."

"कुणी?"

"आमी."

"कुणी पाठ केलेत म्हणालीस?"

"आमी, सर."

"ह कुठं गेला? झरीच्या वाटेवर सांडला का?"

वर्ग हसला. मी तोपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं की आम्ही आमी म्हणतो. घरी सगळे तसंच बोलतात. सर म्हणाले, आम्ही म्हण. आणि विमल, माझी जीभ घाबरली. एरवी कदाचित आलंही असतं, पण पन्नास पोरं हसत असताना आलं नाही. मग ते तुझ्या त्या कोपऱ्याकडं वळून म्हणाले, "जिला आम्ही म्हणता येत नाही, ती अहम् काय म्हणणार? हिचा फॉर्म हिंदीचा भरा."

अहम् आवाम् वयम् मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी एक अक्षर न चुकता म्हटलं असतं. ते त्यांनी विचारलंच नाही.

मला निदान अडीच वर्षं त्या वर्गात बसू दिलं. भीमनगरच्या तीन पोरांना तर आठवीच्या पहिल्याच दिवशी हिंदीच्या वर्गात पाठवलं होतं, न विचारता. त्यांच्यापुढं माझी तक्रार लहान आहे हे मला कळतं. पुढं नामांतराच्या वेळी त्यातला एक मोर्चात पुढं होता आणि पोलिसांनी त्याचं डोकं फोडलं, तेव्हा आपल्या शिक्षकांच्या खोलीत काय काय बोललं गेलं तेही मी ऐकलंय. मी तेव्हा दाखला न्यायला आले होते. असो. मी माझ्यापुरतं लिहिते.

ग्रीक मला कुणी लावून दिलं नाही. औरंगाबादला एम.ए.ला इतिहास शिकताना कळलं की आपलं पैठण आणि तिकडचं तेर ही दोन्ही गावं दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक लिखाणात आहेत. या गावांतून गाड्या भरून माल भडोचच्या बंदरात जायचा, असं त्यात आहे. मूळ कुणी वाचलंय का असं मी विचारलं. उत्तर मिळालं, ते वाचणारे इकडं कुणी नाहीत. त्या वर्षी विद्यापीठ निम्मा काळ बंदच असायचं, नामांतर व्हावं म्हणून एक मोर्चा, होऊ नये म्हणून दुसरा. हॉस्टेलवर बसून मी ग्रीक अक्षरं गिरवली. मग मुंबईला एका म्हाताऱ्या पाद्र्यांकडं आधी लॅटिन, नंतर ग्रीक. त्यांनी पहिल्या दिवशी मला एवढंच विचारलं, पाठांतर करशील का? कुठल्या गावची, हे त्यांनी विचारलं ते सहा महिन्यांनी, तेही मी रजेवर निघाले म्हणून.

इथं माझ्यासोबतचे विद्यार्थी लहानपणापासून लॅटिन शिकलेले. मी पंचविसाव्या वर्षी त्यांच्यात जाऊन बसले. पहिल्या सत्रात प्राध्यापकांनी फळ्यावर 'वाहून नेणे' या अर्थाचा धातू लिहिला. ग्रीकमध्ये फेरो, लॅटिनमध्येही फेरो. मग खडू माझ्यापुढं धरून म्हणाले, "आता संस्कृत." सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. हिंदुस्थानातून आलेली मुलगी, हिला येणारच.

मी म्हणाले, मला माहीत नाही. त्यांना तो विनय वाटला. म्हणाले, संकोच करू नका.

"मला संस्कृत येत नाही. मला शिकवलं नाही."

"कुणी?"

तुझ्या वडिलांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, विमल, आणि मी ते गिळलं. आपल्या गावची लाज परक्यांच्या वर्गात कशाला सांडायची. पण त्या दिवसानंतर हे दर आठवड्याला व्हायला लागलं. ग्रीकमध्ये द्विवचन आलं की माझ्याकडं बघायचे. आत्मनेपदासारखं काही आलं की माझ्याकडं बघायचे. आणि मी मान खाली घालून बसायची. माझ्याच देशाची भाषा मला येत नाही म्हणून, लंडनमध्ये.

शेवटी शिकले. वेल्सच्या एका बाईंकडून, इंग्रजीतून, रोमन अक्षरांत. त्या फेरोचं संस्कृत रूप भरामि, हा शब्द मी पहिल्यांदा इंग्रजी लिपीत लिहिला. परभणीच्या आपल्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून कडुलिंब दिसणाऱ्या वर्गात जी भाषा मला हक्कानं मिळत होती, ती मी अशी मिळवली. तोच हा संस्कृतचा पाया.

माझं संशोधन कशावर आहे असं तू मागं विचारलं होतंस, मी उत्तर टाळलं होतं. थडग्यांवर आहे. राजे-सरदारांच्या नाही, न्हावी, कुंभार, सुईणी, मोकळे केलेले गुलाम यांच्या. त्यांच्या पाथरवटांना व्याकरण यायचं नाही, जसं बोलत तसं ते कोरत. लॅटिनमध्ये 'इथं' या शब्दाला 'हिक्' म्हणतात. एका सुईणीच्या दगडावर 'इक्' आहे. ह नाही. त्या दगडाला इथं कुणी हसत नाही. ते लोक कसे बोलत याचा तो पुरावा मानतात, आणि म्हणून तो काचेआड जपून ठेवलाय. ग्रीकांत तर आशियाच्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं ह म्हणत नसत. व्याकरणाच्या पुस्तकात त्याबद्दल एक साधी ओळ आहे, या बोलीत ह नाही. बस. ती ओळ वाचली आणि मी ग्रंथालयातून उठून बाहेर आले. रडायला नाही. कुणाला तरी धरून बदडावं असं वाटत होतं.

रोममध्ये मात्र दुसऱ्याच्या ह वरून हसणारे शिकलेले लोक होते. त्यांच्याबद्दल वाचताना मला परभणीत असल्यासारखं वाटतं.

एवढं सगळं लिहिलं ते खरं तर एक गोष्ट लिहायची टाळत होते म्हणून. ती लिहून टाकते. मॅट्रिकला संस्कृतचं पारितोषिक तुला मिळालं. मिळायला काही हरकत नव्हती, तू हुशार होतीस. पण सरांनी मला वर्गात उभं केलं त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी विहिरीजवळ तू मला म्हणालीस, "रुख्मे, उद्या शाळेत येऊ नको. पोट दुखतंय म्हण." मी विचारलं, का? तू म्हणालीस, काही नाही, असंच. मी आले. आणि सर मला झरीच्या वाटेवरून विचारत होते तेव्हा तू पहिल्या बाकावर बसून पाटीसारखी कोरी बघत होतीस.

तुला माहीत होतं, ना?

दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी जे झालं ते मी लिहिणार नाही. ते माझं एकटीचं नाही.

लेख मिळणार नाही. समितीला काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव मात्र त्या पुस्तकात कुठंही येऊ देऊ नकोस, नाही तर मी पेपरलाच लिहीन.

रुख्मिणी


सोनपेठ
१२ जानेवारी १९८९

रुख्मिणी,

तीन महिने उत्तर दिलं नाही. आधी तुझा राग आला होता, मग माझा आला, मग काय लिहावं ते सुचेना. आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे तसेच. यांची बदली झाली नाही, आम्ही सोनपेठलाच आहोत.

तू विचारलंस, माहीत होतं का. होतं. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. अण्णा आईला म्हणाले, "झरीची पोरगी शाळेत पहिली येणार." आई म्हणाली, "येऊ दे की." त्यावर अण्णा म्हणाले, "उद्या विमलला स्थळं बघायची. चार लोकांत सांगायला काही हवं की नको?" एवढंच. तुझ्या ह चं त्यांना काही नव्हतं गं. ते नुसतं हाताला लागलेलं कारण होतं. हे तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलली नसतीस.

आणि त्या पारितोषिकाचं काय झालं तेही ऐक. यांच्या घरचे मला बघायला आले तेव्हा अण्णांनी तो चांदीचा पेला पाटावर ठेवला आणि मला स्तोत्र म्हणायला लावलं. सासूबाई म्हणाल्या, वाणी छान आहे. झालं. मी संस्कृत घेऊन बी.ए. केलं ते लग्न ठरेपर्यंत घरी बसून काय करायचं म्हणून. इथल्या शाळेत संस्कृतची जागा निघाली होती, हे तयार होते. अण्णांनीच यांना पत्र घातलं, आपल्या घरात बायका नोकरी करत नाहीत. माझी शुद्ध वाणी आता सत्यनारायणाला कामी येते. तू लिहितेस तुला वर्गातून काढलं. काढलं म्हणून तू निघालीस तरी. तुझ्यावर रागावण्याचा मला काही हक्क नाही हे कळतं, तरी रागावले होते.

आता रविवारचं सांगते, कारण ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं.

तू लेख देणार नाहीस असं मी तात्याराव सरांना कळवलं होतं. ते म्हणाले, बघू. सत्काराच्या दिवशी मंगल कार्यालयात जाऊन बघते तर व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत तुझे आबा. समितीनं झरीला जीप पाठवून त्यांना आणवलं होतं, तुला विचारून असेल असं त्यांना वाटलं. धोतर, नवा पटका, हातात नारळ, खांद्यावर शाल. कुणाशी बोलत नव्हते. मी नमस्कार केला तर नुसती मान हलवली.

भाषणं झाली. पाहुण्यांनी आपल्या विद्यापीठातून म्हणताना विद्यापीठाचं नाव घ्यायचं टाळलं, कुठलंही घेतलं तरी निम्मा हॉल रागावला असता. मग मला संदेश वाचायला बोलावलं. दोन-तीन वाचले. तात्याराव सरांनी पुढचा कागद हातात दिला, टाइप केलेला. वर तुझं नाव. "परमपूज्य गुरुवर्यांच्या चरणी साष्टांग दंडवत. आपण लावलेल्या संस्कृतच्या रोपट्याला आज सातासमुद्रापार…" असं पुढं. खाली लिहिलेलं, आपली विद्यार्थिनी, रुख्मिणी, लंडन.

मी तात्याराव सरांकडं बघितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "वाच वाच, तिनं काय वेगळं लिहिलं असतं?"

रुख्मे, मी धाडसी नाही, तुला माहीत आहे. पण ते वाक्य ऐकून माझ्या कानशिलात जाळ झाला. मी माइकवर म्हणाले, "हा संदेश रुख्मिणीनं लिहिलेला नाही. ती अण्णांची विद्यार्थिनी नाही. अण्णांनी तिला दहावीत संस्कृतच्या वर्गातून काढलं, कारण ती पहिली येणार होती. ते पारितोषिक मला मिळालं."

आवाज माझाच होता, पण मला तो बाहेरून ऐकू येत होता. पहिल्या रांगेत आई पदर तोंडाला लावून बसली. अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, "विमल, खाली ये." तात्याराव सरांनी माइक काढून घेतला.

तेव्हा तुझे आबा उठले. कुणी त्यांना बोला म्हटलं नव्हतं. माइक नसताना बोलले, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

"मला बोलायचं हाय. आमी झरीची माणसं, आमाला सभेत बोलायची सवं न्हाई. ही पोरगी बोलली ते खरं हाय. माजी लेक ह्या सरांकडं शिकली न्हाई. मी शेंगाचं पोतं घिऊन ह्यांच्या दारात उभा व्हतो, तवा सर मला काय म्हणाले ते मी कुणाला सांगितलं न्हाई. आज बी सांगत न्हाई. सरांना म्हाईत हाय. ही शाल मला नगं."

शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, त्यावर नारळ. आणि खाली उतरून चालत गेले. मी मागं धावले. फाटकाजवळ गाठलं, म्हणाले, आबा, मला माफ करा. ते म्हणाले, "तवाच बोलायला पायजे व्हतं, बाई." रागानंच म्हणाले. मग एस.टी. स्टँडकडं गेले. जीपमध्ये बसले नाहीत.

आत अण्णा म्हणत होते, "पुढचा कार्यक्रम घ्या." घेतला. आभार झाले, चिवडा-पेढे झाले.

घरी आल्यावर मला वाटलं अण्णा मारतील. मारलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, "चार लोकांत बोलताना शब्द तरी नीट वापरावा. वर्गातून काढलं नव्हे, वगळलं म्हणावं." मला हसू आलं आणि थांबेना. मग म्हणाले, या घरात पुन्हा येऊ नकोस. परतीची बस गंगाखेडला थांबली. तिथं चहा घेताना हे म्हणाले, "हे मला लग्नाआधी सांगायला हवं होतंस." मी म्हणाले, सांगितलं असतं तर काय केलं असतं? ते म्हणाले, माहीत नाही. ते खरं बोलले, म्हणून बरं वाटलं.

एक विचारते. शेंगांचं पोतं कसलं? आईला विचारलं तर ती भिंतीकडं तोंड करून बसली.

विमल


लंडन
२ फेब्रुवारी १९८९

प्रिय विमल,

पत्र पोचलं. इथं सगळं ठीक. प्रबंध दिला आहे, मे महिन्यात तोंडी परीक्षा.

पोत्याचं विचारलंस. मी लिहिणार नव्हते, पण आबा चारचौघांत बोलले, आता लपवण्यासारखं राहिलं नाही.

मी झरीला निरोप धाडला होता, तो मिळताच दुसऱ्या दिवशी आबा पहिल्या गाडीनं माझ्या वसतिगृहावर आले. नुकत्याच काढलेल्या शेंगांचं पोतं डोक्यावर होतं. म्हणाले, "चल, सरांच्या पाया पडू. लेकरू हाय म्हणू." मला घेऊन तुमच्याकडं आले. तू देवळात गेली होतीस असं सुमनकाकू म्हणाल्या. सर ओसरीवर पेपर वाचत होते. आबा ओसरीच्या खाली उभे राहिले, पोतं उतरवलं, हात जोडले.

"सर, आमी अडाणी माणसं. लेकराचं काय चुकलं असंल तर पदरात घ्या. तिला शिकू द्या. लय हौस हाय तिला."

सरांनी पेपर बाजूला ठेवला. हसले. "लिंबाजी, आम्ही म्हणा बघू."

आबांना वाटलं, एवढं म्हटलं की काम होईल. "आमी."

"आम्ही."

"आमी, सर."

"पोटातून काढा. ह. ह."

माझा बाप, ज्याच्या एका हाकेवर पल्याडच्या रानातले बैल वळतात, तो त्या ओसरीखाली उभा राहून पोरासारखा ह काढायला लागला. मानेच्या शिरा फुगल्या. शेवटी "आम" आणि "ही" असं दोन तुकड्यांत म्हणाला आणि माझ्याकडं बघितलं, जमलं का म्हणून. सर म्हणाले, "बघा. बापालाच येत नाही, लेकीचा काय दोष? हिंदी घ्या, पास होईल." मग आत हाक मारली, "अगं, शेंगा आत घे."

काकूंनी घेतल्या. तुम्ही त्या भाजून खाल्ल्या असतील, तुला ठाऊकही नसेल कुणाच्या.

परत येताना आबा काही बोलले नाहीत. आणि नंतरही नाही, विमल. त्या दिवसापासून शिकलेल्या माणसासमोर त्यांनी तोंड उघडलं नाही. तलाठ्याकडं माय बोलायची. बँकेत मी. दवाखान्यात डॉक्टर विचारायचे कुठं दुखतं, तर आबा बोटानं दाखवायचे. मला सोडायला मुंबईला आले तेव्हा माझे पाद्री मास्तर त्यांच्याशी मराठीत बोलले, किती प्रेमानं बोलले, तरी आबा नुसते हात जोडून उभे. त्यांना वाटायचं, तोंड उघडलं की माझी शोभा होईल.

आणि मला राग कुणाचा यायचा, सांगू? सरांचा होताच. पण त्याहून जास्त आबांचा यायचा. हात का जोडले. ह का काढत बसले. पोतं उचलून तसेच का नाही निघाले. तेरा वर्षं मी हे त्यांना बोलले नाही, पण सुट्टीत झरीला गेले की दोन दिवसांत कशावरून तरी त्यांच्यावर ओरडायची, आणि ते ऐकून घ्यायचे. मायला कळायचं नाही पोरीला झालंय काय.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जिन्यात उभी होते. त्यांचं बोलणं तू जसंच्या तसं लिहिलंस, त्याबद्दल तुझे उपकार मानते. मी ते जिन्यातच मोठ्यानं वाचलं. वरच्या मजल्यावरची बाई दार उघडून बघायला आली.

सरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. वय झालं, सत्कार झाला, आता जाऊ दे, असं मला कुणी सांगू नये. तात्याराव सरांना मी आजच लिहिलंय की माझ्या नावाचा कागद पुस्तकात छापला तर कोर्टात खेचीन. तुझ्यावरचा राग गेला असं लिहिलं तर तेही खोटं होईल. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस हे मी स्वतःला सांगून बघते. कधी पटतं, कधी नाही. पण रविवारी तू जे केलंस ते मला जमलं नसतं. माझ्या आणि त्या हॉलच्या मध्ये समुद्र होता म्हणून मी शूर आहे.

शाळेत पुन्हा जागा निघाली तर अर्ज कर. बन्सीधररावांना सांग, विचारू नकोस.

आणि एक काम कर, माझ्यासाठी नाही. जमेल त्या रविवारी झरीला जा. माफी मागू नकोस, ते गोंधळतात. पेढे, शाल, काही नेऊ नकोस. मायच्या हातचा चहा घे आणि आबांच्या समोर जमिनीवर बस. काही तरी विचार, रानाचं, बैलांचं, काहीही. सुरुवातीला ते मायकडं बघतील. तू मायकडं बघू नकोस. थांबून राहा. ते बोलायला लागले की मधे एक शब्द बोलू नकोस, त्यांचं संपेपर्यंत.

लिंबाजींची लेक,
रुख्मिणी